पलटणीच्या कागदातलं नाव कसं उतरवावं

घरात पणजोबांचं पदक असेल तर ते आधी कडेनं फिरवून बघा. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटणीची खूण बारीक इंग्रजी अक्षरांत ठोकलेली असते. शिपायाला ते चांदीचं मिळे, मजूर पलटणीतल्या माणसाला ब्राँझचं. आमच्याकडचं चांदीचं होतं, म्हणून एका दुष्काळात मोडीत गेलं. मोडायच्या आधी घरातल्या कुणीतरी कडेवरचा मजकूर वहीत उतरवून ठेवला, पण उतरवताना आडनाव ‘शुद्ध’ केलं. मुळात जाधवचं स्पेलिंग ए-ओ नं संपत होतं, वहीत ते ए-व्ही झालं. त्या एका अक्षरापायी मी दीड वर्ष भलत्याच जाधवांचा माग काढत बसलो. शेवटी नंबर जुळला तेव्हा घोळ कळला.

लष्करी कागदातून घराण्याचा शोध घेणाऱ्या नवख्या माणसाचं सगळ्यात मोठं नुकसान असंच होतं. अक्षर लागत नाही म्हणून नव्हे, तर अक्षर लागल्याबरोबर आपण ते दुरुस्त करतो म्हणून. खाली लिहितोय ते मुख्यतः मुंबई इलाख्यातल्या मराठी शिपायांबद्दल आहे, कारण माझा हात तिथंच बसलाय.

आधी माणूस कुठं शोधायचा ते ठरवा

पहिला प्रश्न असा की माणूस नोकरीत असताना वारला की घरी परत आला. वारला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी फुकट बघता येते. पण त्यांचा हिशेब ठरलेल्या तारखांमधला आहे: ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. परत आलेला माणूस तिथं सापडणारच नाही, कितीही स्पेलिंगं बदलून बघा. त्याच्यासाठी घरातला डिस्चार्जचा कागद, पेन्शनचं पुस्तक, पदक, आणि पलटणीचं रेकॉर्ड ऑफिस. मराठा पलटणींचं घर बेळगाव, बॉम्बे सॅपर्सचं, म्हणजे लष्करी इंजिनिअर पलटणीचं, खडकी.

पलटणीची नावंही बदलत गेली. पहिल्या युद्धात १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ अशा क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. १९२२ च्या फेररचनेत त्या सगळ्या ‘पाचवी मराठा लाइट इन्फंट्री’ या एका छत्राखाली आल्या. १०३ वी झाली पहिली बटालियन, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी. म्हणजे १९१८ च्या कागदातला ११० वा आणि १९३० च्या कागदातला ३/५ वा, म्हणजे पाचवीच्या तिसऱ्या बटालियनचा, हा एकच माणूस असू शकतो. घरात कुणी ‘जंगी पलटण’ म्हणत असेल तर ती १०३ वी, ‘काली पाँचवी’ म्हणत असेल तर १०५ वी. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडचे हे शब्द टिपून ठेवा, कागदापेक्षा लवकर रस्ता दाखवतात.

कोकणातल्या घरांसाठी एक सूचना. आजोबा ‘बोटीवर’ होते असं ऐकलं असेल तर लष्कराच्या यादीत वेळ घालवू नका. पहिल्या युद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून जास्त हिंदी, म्हणजे भारतीय, खलाशांचं स्मारक मुंबईतच, खलाशांच्या वसतिगृहात आहे.

आणि मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेलेल्यांबद्दल. बसरा स्मारकाचे फोटो बघून आपल्या माणसाचं नाव शोधू नका. तिथं इंग्रज शिपायांची नावं दगडावर आली, हिंदी अधिकाऱ्यांचीही आली, पण हिंदी शिपायांचा पलटणवार नुसता आकडा कोरला गेला. नावं वेगळ्या वहीत राहिली. आपल्याकडच्या गावांतल्या संगमरवरी पाट्याही त्याच घाटाच्या: या गावातून इतके गेले, पैकी इतके कामी आले. नाव नाही.

पहिल्यांदा उतरवताना मराठी विसरा

कागद समोर आला की पहिली नक्कल अक्षराला अक्षर अशी करायची. चुकीचं दिसतंय? तसंच लिहा. एकच नाव वर एका तऱ्हेनं आणि खाली दुसऱ्या तऱ्हेनं आलंय? दोन्ही तशीच. अक्षर लागत नसेल तर तिथं चौकोनी कंसात प्रश्नचिन्ह, आणि दोन वाचनं शक्य असतील तर दोन्ही. अंदाजानं रिकामी जागा भरू नका.

मी वहीत पाच रकाने पाडतो: मूळ स्पेलिंग, देवनागरीतला अंदाज, अंदाजाची खात्री (पक्की, बरी, संशय), गाव जसं लिहिलंय तसं, आणि पानाच्या फोटोचा क्रमांक. पहिल्या रकान्यात एकदा लिहिलं की त्याला पुन्हा हात लावायचा नाही. सगळे तर्क, सगळी हुशारी दुसऱ्या रकान्यात.

जुन्या याद्यांत वरच्या ओळीतला शब्द खालीही लागू असेल तर कारकून तो पुन्हा लिहीत नसे. डी-ओ अशी दोन अक्षरं टाकून पुढं जाई, म्हणजे ‘वरीलप्रमाणे’. मी सुरुवातीला एका पानावर सलग अकरा शिपायांचं गाव ‘डो’ असं लिहिलं होतं आणि नकाशावर डो शोधत बसलो होतो. नवख्यांनी हसू नये, तुमचाही डो येणार आहे. नकलेत डी-ओ तसंच ठेवा, आणि वरचा शब्द दुसऱ्या रकान्यात उतरवा.

संगणकावर काम करत असाल तर एक्सेलमधले सगळे रकाने आधी ‘टेक्स्ट’ करा. नाहीतर ३/५ लिहिलं की ते मुकाट्यानं तारीख करून टाकतं, आणि अख्खी बटालियन मे महिन्यात जाते. नंबराच्या आधीची शून्यंही तसंच गिळतं. इंग्रजीचं ऑटोकरेक्ट तर बंदच ठेवा. मोरे, माने, गोरे, काळे, पोळे, बने ही सगळी आडनावं इंग्रजी डोळ्याला ओळखीचे शब्द दिसतात. इंग्रजी याद्या करणाऱ्या माणसांनाही तीच भूल पडते. शेवटचा ई आपल्याकडे ‘ए’ असतो, हे त्यांना कोण सांगणार?

स्पेलिंगचं वय ओळखा

इथं जरा थांबून वाचा, कारण निम्मी कोडी याच जागी सुटतात.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात साहेब लोक आपली नावं कानाला येतील तशी, इंग्रजी उच्चाराच्या सवयीनं लिहीत. गिलख्रिस्ट या भाषापंडित साहेबाच्या वळणाच्या त्या पद्धतीत ‘अ’ साठी यू, ‘उ’ साठी डबल ओ, ‘ई’ साठी डबल ई. पुढं १८७० च्या दशकापासून हंटर या सरकारी अधिकाऱ्याची पद्धत सरकारी कामात रुळली. तिच्यात ‘अ’ साठी ए, ‘उ’ साठी यू, ‘इ’ साठी आय. म्हणजे यू हे एकच अक्षर १८३० च्या कागदात ‘अ’ आणि १९१५ च्या कागदात ‘उ’. पंजाबच्या स्पेलिंगमध्ये पीच्या पुढं यू का, याचं उत्तर हेच, ते जुन्या पद्धतीचं उरलेलं शेपूट आहे.

आता हे कसं वापरायचं ते बघा. जुन्या पानावर सी-यू-डी-डी-यू-एम दिसलं. आजच्या डोळ्यानं वाचलं तर ‘कुडूम’, आणि असं आडनाव नाही म्हणून तुम्ही पुढं जाल. यूच्या जागी अ ठेवा, सीचा क करा: कदम. जी-यू-एन-पी-यू-टी म्हणजे गणपत. टी-डबल ओ-के-ए-आर-ए-एम म्हणजे तुकाराम. एल-यू-एक्स-आय-एम-ओ-एन हा लक्ष्मण आहे, त्याच्यावर घाबरू नका. पण १९१६ च्या यादीत टी-यू-के-ए-आर-ए-एम आलं तर ते सरळ तुकाराम, तिथं यूचा अ करायला जाल तर तोंडघशी पडाल.

एक मेख आहे. गावांच्या, शहरांच्या नावांना हंटरच्या पद्धतीतून सूट मिळाली होती, ज्यांची जुनी स्पेलिंगं रूढ झाली होती ती तशीच ठेवली. म्हणून १९१५ च्या पानावर शिपायाचं नाव नव्या पद्धतीचं आणि पुण्याचं डबल ओ वालं जुन्या पद्धतीचं, असं शेजारीशेजारी दिसतं. शिवाय कारकून काही व्याकरणाचा मास्तर नव्हता, एकाच पानावर दोन्ही पद्धती मिसळायचा. म्हणून मी पान हातात घेतल्यावर आधी नावांकडे बघतच नाही. त्या पानावरचा एखादा असा शब्द शोधतो ज्याचं मराठी मला शंभर टक्के माहीत आहे, बहुधा तालुक्याचं गाव. चिपळूण त्यानं कसं लिहिलंय? डबल ओ आहे की यू? त्यावरून त्या कारकुनाचा कान कळतो, मग नावं.

कान हा शब्द मुद्दाम वापरला. नाव सांगणारा खेड्यातला पोरगा, तो विठोबाला इठोबा म्हणणार. ऐकणारा कधी परप्रांतातला बाबू, तो नारायणचं नरैन करणार, देवगडच्या शेवटी हिंदी ढंगानं ‘गढ’ लावणार. कृष्णाचं किस्ना तर दोघांनी मिळून केलेलं असतं. महादेव, नामदेव यांच्या शेवटी व्ही क्वचित दिसेल, तिथं बहुतेक ई-ओ असतो. दुसऱ्या महायुद्धात इटलीत सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नामदेव जाधव एवढे नावाजलेले, तरी त्यांचं आडनाव इंग्रजीत एकाहून अधिक तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. मग साध्या शिपायाचं काय घेऊन बसलात.

आणि कुठलीही पद्धत असो, इंग्रजीत ळ नाही, ण नाही, ट आणि त एकच, ड आणि द एकच. बी-ए-एल-ए हा बाळा की बाला, हे कागद सांगू शकत नाही. तिथं देवनागरीच्या रकान्यात दोन्ही लिहा आणि खात्री ‘बरी’ ठेवा.

हाताचं अक्षर

यावर फार लिहीत नाही, सरावाचं काम आहे. वळणदार लिहिणीत यू आणि एन सारखेच दिसतात, त्यामुळे बापू, विठू, धोंडू, पांडू या सगळ्यांच्या शेवटी एन वाचला जातो. मराठी नावाच्या शेवटी विचित्र एन दिसला की तो यू करून बघा. मोठा आय आणि मोठा जे, मोठा टी आणि मोठा एफ, एस आणि एल या जोड्याही फसव्या. त्या कारकुनानं ओळखीच्या शब्दात, म्हणजे हुद्द्यात किंवा महिन्याच्या नावात, ते अक्षर कसं काढलंय ते शोधा आणि त्याच्याशी ताडून बघा. यादी वर्णानुक्रमे असेल तर फारच बरं, वरच्या आणि खालच्या नावामुळे पहिलं अक्षर आपोआप ठरतं.

पदकाच्या कडेवरची अक्षरं वाचायची असतील तर पदक घासून चमकवू नका, अक्षरं उथळ असतात, झिजतात. अंधाऱ्या खोलीत बॅटरी तिरकी धरा.

नावाचे तुकडे पाडणं

आज आपण नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहितो. पलटणीत तसं बंधन नव्हतं. कुठं नाव आणि आडनाव, कुठं नाव आणि बापाचं नाव, कुठं नुसतंच नाव. इंग्रजी पद्धतीच्या यादीला मात्र शेवटचा शब्द आडनाव हवा असतो, नाहीतर सगळंच्या सगळं नाव आडनावाच्या रकान्यात कोंबलं जातं. त्यामुळे शोधताना आडनावाच्या चौकटीत आडनाव टाकून बघा, मग पहिलं नाव टाकून बघा, मग बापाचं. ‘राव’, ‘जी’, ‘बा’ ही शेपटं कुठं लागतील आणि कुठं गळतील याचा भरवसा नाही. घरात रामराव म्हणून फोटो लागलेला माणूस भरतीच्या दिवशी रामा असू शकतो. अठरा वर्षांच्या पोराला राव कोण म्हणणार?

काही शेपटं मात्र ओळख सांगतात. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावं आहेत. त्यातली बरीच इंग्रजीत एन-ए-सी या अक्षरांनी संपतात. तो ‘नाक’ आहे, मुंबई फौजेतल्या महार शिपायांच्या नावांमागे लागणारा. शेवटचा सी ‘क’ वाचायचा, ‘स’ नाही. बापाच्या नावालाही तोच प्रत्यय, म्हणून ‘अमुकनाक तमुकनाक’ यातला दुसरा शब्द आडनाव नव्हे, बाप आहे. तसंच मुंबईच्या पलटणींत कुलाबा जिल्ह्याकडचे (आजचा रायगड) बेने इस्राएली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, शिपाई पुष्कळ होते, त्यांच्या नावामागं ‘इस्राएल’ लागे. तेही घराण्याचं आडनाव समजू नका, त्यांची आडनावं बहुतेक गावावरून पडलेली, शेवटी ‘कर’ असणारी.

आडनाव बदललेलं असण्याचीही तयारी ठेवा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ. साताऱ्याच्या शाळेत आडनाव गावावरून आंबडवेकर लागलं आणि त्याचं पुढं आंबेडकर झालं. वडिलांचा लष्करी कागद कुणी आंबेडकर म्हणून शोधत बसला तर काय सापडणार? आपल्या घरातही भावकीतला एक फाटा ‘कर’ लावतो आणि दुसरा मूळ आडनाव, हे नेहमीचंच. दोन्ही शोधा.

गाव पकडा

माझं मत विचाराल तर नावापेक्षा गावावर जास्त विसंबावं. एकाच पलटणीत एकाच नावाआडनावाचे चार-चार शिपाई असतात, पण चौघं एका गावचे, एका बापाचे नसतात. वॉर ग्रेव्हजच्या नोंदीत बऱ्याचदा ‘अमक्याचा मुलगा, राहणार अमुक गाव, सातारा, बॉम्बे’ असं असतं. दुसऱ्या युद्धाच्या नोंदीत आईचं आणि बायकोचं नावही मिळून जातं.

यातला ‘बॉम्बे’ म्हणजे मुंबई शहर नव्हे, मुंबई इलाखा. ‘आमचे पणजोबा मुंबईला राहत होते हे माहीतच नव्हतं’ असं मला किमान तिघांनी आनंदानं सांगितलंय.

जिल्हे त्या काळचे घ्या. रत्नागिरी म्हटलं तर त्यात आजचा बराचसा सिंधुदुर्ग आला, तो जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. सावंतवाडी हे तर तेव्हा स्वतंत्र संस्थान. कुलाबा म्हणजे आजचा रायगड. साताऱ्यात आजच्या सांगलीकडचा वाळवा तालुका धरा, कारण दक्षिण सातारा १९४९ मध्ये निघाला. बेळगाव मुंबई इलाख्यात.

मी रचलेलं एक उदाहरण देतो. नोंद अशी समजा: सिपाही, नाव एस-आय-टी-ए-आर-ए-एम, बाप बी-एच-आय-के-ए-जे-आय, गाव एम-ए-एन-जी-ए-ओ-एन, पलटण ११० वी, मृत्यू १९१६. सीताराम भिकाजी, इथवर अडचण नाही. साल आणि पलटण बघा: २९ एप्रिल १९१६ ला मेसोपोटेमियातलं, तुर्कांनी वेढलेलं कुत-अल-अमारा पडलं तेव्हा आत अडकलेल्यांत १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणींचे लोक होते. म्हणजे माणूस वेढ्यात, वेढा फोडायला आलेल्या फौजेत किंवा पुढं कैदेत गेला असावा. ‘असावा’ हा शब्द वहीत लिहायचा. आता माणगाव. एक कुलाब्यातला, तो तालुकाच आहे. दुसरा कुडाळजवळचा, तेव्हा सावंतवाडी संस्थानात. नोंदीत पुढं ‘सावंतवाडी’ असेल तर प्रश्न मिटला. नुसतं ‘बॉम्बे’ असेल तर दोन्ही गावं उघडी ठेवा. खेडचंही असंच, एक रत्नागिरीतलं, एक पुण्याकडचं. शिरगाव आणि नांदगाव किती आहेत ते मोजायच्या फंदात पडू नका.

गाव निश्चित झालं की खरी पडताळणी गावात. जुना गाव नमुना १४, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, त्यात जन्ममृत्यू नोंदलेले असत. जुनी पानं मोडीत, तेव्हा मोडी वाचणारा सोबत न्या. शिपाई वारल्यावर जमिनीला वारस लागले तर फेरफार झाला असणार, तो मागा. त्र्यंबकेश्वर, नाशिक किंवा पंढरपूरला घराण्याचा तीर्थोपाध्याय असेल तर त्याच्या वहीत दोन-तीन पिढ्यांची नावं पुरुषांच्या स्वतःच्या तोंडून उतरलेली असतात. तिथं साहेबाचा कान मध्ये येत नाही. आणि भावकीतल्या म्हाताऱ्या माणसाला नाव वाचून दाखवताना शुद्ध मराठीत वाचू नका, कागदात जसं आहे तसं वेडंवाकडं वाचा. ‘सखाराम’ म्हटल्यावर गप्प बसलेली एक आजी ‘सक्रम’ म्हटल्यावर एकदम म्हणाली, “अरे सक्राम, तो बसऱ्याला ऱ्हायला तो!”

दुसरा डोळा, मग दुरुस्ती

एक पान पूर्ण झालं की दोन दिवस बाजूला ठेवा. नंतर तुमची नक्कल न बघता तेच पान दुसऱ्या कुणाकडून उतरवून घ्या, आणि मग दोन्ही ताडा. जिथं फरक निघेल तिथंच मूळ फोटो मोठा करून बघायचा, बाकी पान सोडा. घरात मराठी न येणारी सून किंवा जावई असेल तर उत्तम, त्यांना आडनावं माहीत नसतात म्हणून ते दिसेल तेवढंच लिहितात.

वॉर ग्रेव्हजच्या यादीत चूक सापडली तर कमिशनला कळवता येतं, पण कागदाचा पुरावा लागतो, ‘आमच्या घरात असं म्हणतात’ चालत नाही. अर्ज करताना नंबर, पलटण आणि मृत्यूची तारीख आधी द्या, नाव नंतर, म्हणजे माणूस कोणता याबद्दल त्यांना शंका राहत नाही. मी पाठवलेल्या दुरुस्तीत गावाचं नाव आणि बापाचं नाव होतं. आडनावाचा ए-ओ मी तसाच राहू दिला.